३०-०६ च्या पुंगळ्यांपासून ८×५७ माउझर: काही महिन्यांच्या वापरानंतर

इथे पेन्सिल्व्हेनियात नेमबाजीच्या रेंजवर ३०-०६ या अमेरिकी रायफल-काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या (पितळी खोळी) हव्या तेवढ्या मिळतात, ८×५७ या जर्मन ८ मिमी काडतुसाच्या शोधत फिरावं लागतं. माझी रायफल जुनी के९८, म्हणजे ८×५७ झाडणारी जर्मन माउझर. बाजारातली अमेरिकी ८ मिमी काडतुसं मवाळच भरलेली असतात, कारण १८८८ च्या जुन्या रायफलींच्या नळ्या .३१८ इंची गोळीच्या, तर १९०५ पासूनच्या .३२३ च्या; मोठी गोळी जुन्या नळीत गेली तर अनर्थ नको. म्हणून काडतुसं घरी भरणं आलं, आणि त्यासाठी फॉर्म डायचा (पुंगळी दाबून तिला नवा आकार देणाऱ्या साच्यांचा) संच घेतला.

दोन्ही पुंगळ्यांचं बूड जवळपास सारखं, त्यामुळे शेलहोल्डर (प्रेसमध्ये पुंगळी बुडाशी धरणारा तुकडा) तोच चालतो. वंगण लावून पुंगळी डायमध्ये दाबली की खांदा (मानेखालचा उतरता भाग) मागे सरकतो आणि जास्तीचं पितळ डायच्या वर येतं. ते हॅकसॉने कापायचं, कानशीने डायच्या तोंडाबरोबर करायचं. डाय इतकी कडक की अजून तिच्यावर कानशीचा ओरखडा नाही. पुढे नेहमीची ८×५७ ची साइझिंग डाय (नेमक्या मापावर आणणारा साचा) आणि लांबी छाटणारा ट्रिमर: ६३.३५ मिमीची पुंगळी ५६.७५ वर येते. वंगण लॅनोलिनचंच घ्या. मात्र थोडं, जास्त झालं की खांद्यावर खळगे पडतात.

खरी कसोटी मानेची, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागाची. नव्या मानेचा खालचा भाग जुन्या खांद्याच्या पितळातून घडतो आणि तिथे आतून जाड कडं उरतं. वरून काही दिसत नाही. मी एकदा झाडलेल्या पुंगळीत नवी गोळी नुसती सोडून बघतो: सुळकन खाली गेली तर ठीक, मध्येच अडली तर आतून रीमर (जास्तीचं पितळ खरवडणारं हत्यार) फिरवायचा. हे टाळू नका. मानेला चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या जागी) फुगायला जागा नसली तर गोळी सहज सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. पितळ जाड असलं की आतली जागाही कमी होते, म्हणून बंदुकीची दारू काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी मापापासूनच.

मान घडवताना पितळ कडक होतं. तांबट जसा ठोकता ठोकता भांडं पुन्हा भट्टीत धरतो, तसं इथेही मान आणि खांदा बर्नरवर काही सेकंद तापवावा लागतो. हे सुरू केल्यापासून माना तडकणं जवळपास थांबलं. बूड मात्र गार राहिलंच पाहिजे. ते नरम पडलं तर पुंगळी थेट भंगारात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बुडावरचा शिक्का ३०-०६ चाच राहतो, आणि ३०-०६ च्या रायफलीत ८×५७ झाडणं अत्यंत धोक्याचं आहे. माझ्या डब्यांवर लाल पट्टी असते, डबे वेगळ्या कपाटात, आणि ही काडतुसं मी कोणाला देत नाही.

थोड्याच पुंगळ्या हव्या असतील तर तयार विकत घ्या, वेळ वाचेल. माझ्याकडे ३०-०६ चा ढीग आहे, म्हणून डायचे पैसे वसूल वाटतात. हाताने कापणं तेवढं जिवावर येतं. त्यासाठी आता छोटी चॉप सॉ बघतोय.