दादरला व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, त्याचा अनुभव
दादर वेस्टला स्टेशनजवळच्या गल्लीत छोटं दुकान आहे, तिथे २०० कार्डं छापून घेतली, कागद जाड, मराठी अक्षर एकदम सुबक. पण पहिल्या प्रूफमध्ये नावाखाली ‘कॉपीराइट’ आलेलं! काकांना म्हटलं, अहो कॉपीराइट म्हणजे लेखनावरचा हक्क, त्याचा १९५७ चा कायदा आहे, मी कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिते, त्या मजकुरालाच कॉपी म्हणतात, नक्कल नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली ‘जाहिरात लेखिका’ टाकू का विचारलं, खरं सांगते मला तेच जास्त आवडलं, आईलापण आता माझं काम लगेच कळतं. दुरुस्तीचे वेगळे पैसे नाही घेतले. फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, जाम गर्दी असते.