नौपाड्यातला रोमन प्रचारकलेचा कोर्स : कंटेंट भारी, खुर्च्या बेकार

रोमन सम्राटांचे पुतळे, कमानी, नाणी म्हणजे त्या काळचा राजकीय प्रचारच कसा होता यावर ठाण्याच्या नौपाड्यात एका छोट्या हॉलमध्ये दोन शनिवारांचा कोर्स होता, पूर्ण मराठीतून, फी पंधराशे. आयोजकांचं नाव टाकत नाहीये कारण खाली थोडी धुलाई पण आहे. एका ओळीत सांगायचं तर शिकवणाऱ्या मॅडम एकाच वस्तूवर थांबून बोलतात तेव्हा कोर्स जबरदस्त आहे आणि सिलॅबस संपवायच्या मागे लागतात तेव्हा गाडी घसरते.

पहिल्या सेशनचा जवळजवळ अर्धा वेळ एकाच पुतळ्यावर, रोमजवळच्या प्रिमा पोर्टाचा ऑगस्टस, म्हणजे पहिला रोमन सम्राट. १८६३ मध्ये त्याच्या बायकोच्या, लिव्हियाच्या बंगल्याच्या जागी सापडला, आता व्हॅटिकनमध्ये आहे, दोन मीटरहून थोडा उंच. फोटो आपण सगळ्यांनी कुठेतरी बघितलेला असतो पण मॅडमनी छातीवरचं कवच झूम करून दाखवलं तिथे खरी गंमत, मधोमध एक पार्थियन (इराणकडचं राज्य, रोमचं वैरी) माणूस रोमन सैन्याचं निशाण परत देतोय. ही निशाणं क्रॅसस नावाच्या रोमन सेनापतीने इ.स.पू. ५३ मध्ये लढाईत घालवली होती आणि ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये ती परत मिळवली ती वाटाघाटी करून, लढाई झालीच नाही, पण पुतळ्यात साहेब चिलखत घालून हात वर करून असे उभे की बघणाऱ्याला वाटावं आत्ताच रण जिंकून आलेत. वर पाय अनवाणी म्हणजे देवासारखे, आणि पायाशी डॉल्फिनवर बसलेला छोटा क्युपिड, व्हीनस देवीचा मुलगा, कारण घराणं थेट व्हीनसपासून सुरू होतं असा दावा. माणूस पंचाहत्तरीत गेला पण पुतळ्यांमध्ये चेहरा शेवटपर्यंत तरुणच, आता ठाण्यात राहणाऱ्याला हे काय वेगळं सांगायचं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्याकडे पण वर्षानुवर्षं तोच काळ्या केसांचा फोटो असतो.

मग नाण्यांच्या प्रतिकृती हातात फिरवल्या, ही आयडिया मस्त. एका चांदीच्या डिनेरियसवर एका बाजूला ऑक्टेव्हियन (म्हणजे हाच ऑगस्टस, तेव्हा ती पदवी मिळायची होती) आणि दुसऱ्या बाजूला मगर, वर मजकूर ‘इजिप्त जिंकलं’, साल इ.स.पू. २८. आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान असेल पण मगरीच्या पाठीवरचे खवले बोटाला लागतात. आणि मुद्दा बघा, ते युद्ध खरं तर इजिप्तच्या क्लिओपात्राला मिळालेल्या रोमन सेनानी अँटनीशी होतं, म्हणजे रोमन विरुद्ध रोमन, पण नाण्यावर अँटनीचा पत्ताच नाही, नुसती मगर. घरातलं भांडण परदेशी विजय म्हणून खपवलं आणि ते पण लोकांच्या खिशात रोज खुळखुळणाऱ्या पैशावर!

दुसऱ्या शनिवारी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, इ.स. २०३. त्यावर बापासोबत दोन्ही मुलांची नावं होती, मोठ्या कॅराकॅलाने २११ मध्ये धाकट्या गेटाला मारून टाकलं आणि कमानीवरून नाव काढून तिथे भलत्याच बिरुदावल्या भरल्या. पण जुन्या ब्राँझच्या अक्षरांची भोकं अजून दगडात दिसतात, मॅडमनी लेझर पॉइंटरने एकेक दाखवली, हॉलमध्ये पिनड्रॉप. प्रश्नोत्तरांत एका काकांनी नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा विषय काढला, १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांवर नाणी सापडली, शक क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलाय. मला हे फार आवडलं कारण वितळवून नवीन पाडता आली असती की, पण खाली हरलेल्याचा चेहरा अर्धवट दिसतोय आणि वर आपला शिक्का, याच्याइतकी जोरदार जाहिरात दुसरी कुठली! मॅडम ‘तो वेगळा विषय आहे’ म्हणून पुढे गेल्या. अहो ठाण्यात बसलोय, कल्याण-सोपाऱ्यातून रोमशी व्यापार चालायचा, दहा मिनिटं द्यायला काय हरकत होती?

सम्राट ट्राजनच्या रोममधल्या स्तंभावर मात्र मला त्यांचं पटलं नाही. ११३ सालचा, सुमारे तीस मीटर उंच, त्याच्याभोवती डेशियाच्या (आजच्या रोमानियाकडच्या) युद्धाची जवळपास दोनशे मीटर लांब शिल्पपट्टी गुंडाळलेली. त्यांचं म्हणणं लोक ती कथा वाचत वाचत वर जायचे. खालून मान मोडेपर्यंत बघितलं तरी पहिल्या काही वेढ्यांच्या वरचं काय दिसणार? माझ्या मते वाचायला नव्हतीच ती, ‘बघा साहेबांनी केवढं करून ठेवलंय’ एवढंच पोचवायचं होतं. कलोझियम पाच मिनिटांत उरकलं, नीरोच्या खासगी महालातलं तळं बुजवून त्या जागी नंतर आलेल्या फ्लेव्हियन राजघराण्याने पब्लिकसाठी अँफिथिएटर बांधलं, ८० मध्ये उद्घाटन. मुद्दा पोचला, चालतंय.

पण सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीची पार वाट लावली. ३१५ सालची, ट्राजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांवरची शिल्पं काढून आणून बसवलेली, हेड्रियनच्या शिकारीच्या दृश्यांत तर डोकी पुन्हा कोरून चेहरेच बदललेले, म्हणजे जुन्या लोकप्रिय राजांची पुण्याई आयती. एवढा रसरशीत माल आणि शेवटची घाईघाईतली पंधरा मिनिटं, तेही हॉलवाला दारात किल्ल्या वाजवत उभा.

बाकी तक्रारी म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तीन तास बसलं की कंबर बोलायला लागते, एसी एकच आणि तो मागच्या रांगेसाठी नाही. नोट्स काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर, त्यात सगळे पुतळे कोळशासारखे दिसतात, पीडीएफ का देत नाहीत कळत नाही. चहा चांगला होता.

इतिहासाचं काही वाचलेलं नसेल तरी चालेल, कॉलेजच्या पोरांना तर जरूर पाठवा. साडेतीन स्टार, कॉन्स्टंटाइनला पूर्ण तास दिला तर चार. आणि गाडी आणू नका, शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत स्कूटर लावायला पण जागा मिळत नाही, स्टेशनवरून चालत या.