बाळाच्या हाताचे ठसे : पावसाळा सरल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत मुलगी चार महिन्यांची असताना आम्ही तिच्या हाताचे ठसे घरीच तीन प्रकारे घेतले. नाशिकच्या त्या कोरड्या हवेत तिन्ही उत्तम जमले होते, म्हणून तेव्हाच काही लिहिले असते तर मी मीठ-मैद्याच्या ठशाला पहिला क्रमांक दिला असता.

तो करायला सर्वांत सोपा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण वाटीभर पाणी थोडे थोडे घालून घट्ट मळायचे, जाडसर थापून हात दाबायचा आणि ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) 100 अंशांवर तीन तास वाळवायचे. बाळाची मूठ ओढून उघडू नये. हाताच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवले की ती आपोआप सैल होते. आम्ही हे झोपेतच उरकले आणि लगेच तळहात धुतला, कारण जागी होताच बोटे तोंडात जातात आणि एवढे मीठ तान्ह्या बाळाच्या पोटात जाणे धोक्याचे असते.

जुलैत मात्र गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे, या ठशालाही सुटले. पृष्ठभागावर बारीक थेंब दिसू लागले, करंगळीची कड बसली आणि तळहातावरच्या रेषा पुसट झाल्या. चूक आमचीच होती. वार्निश फक्त दर्शनी बाजूला लावले होते, मागची बाजू उघडीच राहिली, आणि जाडी दीड सेंटिमीटर ठेवल्यामुळे आतला भाग बहुधा पुरता वाळलाच नव्हता.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठशाला पावसाळ्यात काहीही झाले नाही. गणपतीतली उरलेली शाडू माती रात्रभर भिजवून, मळून तिच्यात हात दाबला. हात काढून, पुसून बाळाला दुसऱ्या खोलीत नेले आणि मगच नाशिकच्या भद्रकाली भागातून आणलेले प्लास्टर दोन भागांस एक भाग पाणी या प्रमाणात कालवून त्या खळग्यात ओतले. हा क्रम कटाक्षाने पाळावा. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते. 2007 साली ब्रिटनमध्ये शाळेच्या तासाला त्यात हात बुडवलेल्या एका मुलीला बहुतेक बोटे गमवावी लागली. दुसऱ्या दिवशी माती सोडवून फटींमधली शाडू जुन्या टूथब्रशने काढली, तेव्हा मनगटाची वळीसुद्धा उठलेली दिसली. हा ठसा खोलगट न येता फुगीर येतो, हे सासूबाईंना अजून रुचलेले नाही. उरलेले प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये, ते पाइपातच घट्ट बसते. आमचे कालवलेले भांडे तर टाकूनच द्यावे लागले.

हाताला शाईचा डाग न लागणाऱ्या तयार संचाने घेतलेला कागदी ठसा फ्रेममध्ये ठीक आहे, पण त्यात हाताचा गुबगुबीतपणा येत नाही.

मऊ पडलेला मैद्याचा ठसा ओटीजीमध्ये पुन्हा वाळवून दोन्ही बाजूंनी वार्निश केला आहे. भिंतीवर टांगण्याचा धीर होत नाही, म्हणून तो सध्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला आहे.