पॉकेट रडार ‘स्मार्ट कोच’: हायस्कूल पिचरच्या घरी हे यंत्र असावे का?

अमेरिकेत हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे मराठी आईवडील एकमेकांना हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: मुलाच्या फेकीचा वेग घरच्या घरी मोजण्यासाठी रडार घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते? माझा मुलगा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) आहे आणि आमच्याकडे कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील पॉकेट रडार कंपनीचे ‘स्मार्ट कोच’ हे यंत्र नियमित वापरात आहे. त्या वापरावरून बनलेले माझे मत आधीच सांगतो. यंत्र चांगले आहे आणि त्याच्या किमतीला न्याय देणारे आहे. मात्र त्याने दाखवलेला आकडा कोठून, केव्हा आणि कोणत्या चेंडूवर घेतला हे ज्या घरात लिहून ठेवले जाणार नाही, त्या घराने त्यावर पैसे घालू नयेत.

यंत्र मोबाइल फोनएवढे आहे आणि दोन ट्रिपल ए बॅटऱ्यांवर चालते. त्याची अचूकता ताशी एक मैल पुढेमागे अशी सांगितलेली आहे आणि बेसबॉलचा वेग ते सुमारे १२० फुटांवरून टिपू शकते, म्हणजे कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मागील जाळीपलीकडे बसूनही माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, येणारा चेंडू त्याच्या टप्प्यात येतो. ब्लूटूथने ते फोनमधील ॲपला जोडले की चित्रफितीवर प्रत्येक फेकीचा वेग उमटतो. किंमत सुमारे ४०० डॉलर आहे. व्यावसायिक स्काउटांच्या (संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणाऱ्यांच्या) हातात दिसणारी स्टॉकर कंपनीची प्रो गन हजार डॉलरच्या वर जाते; तिच्यातून मिळणारी जास्तीची माहिती आणि तिचा दणकटपणा रोज अनेक सामने पाहणाऱ्या माणसाच्या कामाचा आहे, एका घराला त्याची गरज नाही. तिकाटणे मात्र अवश्य घ्यावे, कारण हातात धरलेले यंत्र प्रत्येक फेकीला थोडे वेगळ्या दिशेला वळते आणि मग दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

दिशेचा हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण यंत्राबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यातच असते. कोणतेही रडार चेंडूचा पूर्ण वेग पाहत नाही. चेंडू रडारच्या रोखाने किती वेगाने येतो किंवा त्याच्यापासून किती वेगाने दूर जातो, एवढेच ते पाहते. चेंडूच्या रेषेपासून १० अंश बाजूला बसल्यास ताशी ९० मैलांची फेक ८८.६ मैलांची दिसते, आणि २० अंश बाजूला बसल्यास तीच फेक ८४.६ मैलांवर येते. अनेक शाळांच्या मैदानांवर पालकांची बाके पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला असतात. तेथे बसून घेतलेला आकडा मुलावर अन्याय करतो, आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलली की मुलाचा वेग अचानक वाढल्याचा आनंदही तितकाच फसवा ठरतो. कोनामुळे आकडा नेहमी कमीच होतो, वाढत कधीच नाही, हे लक्षात ठेवले की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. यंत्र होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो तेथील पाटीच्या) सरळ मागे, पिचरच्या हाताच्या शक्य तितक्या समोर ठेवावे आणि प्रत्येक वेळी जागा तीच ठेवावी.

चेंडूचा वेग हवेत कमी होत जातो, हे आकडे वेगवेगळे येण्याचे दुसरे ध्यानात ठेवण्याजोगे कारण. माउंड ते होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच आहे आणि हातातून सुटताना ९० मैलांचा असलेला चेंडू प्लेटवर पोहोचेपर्यंत साधारण आठ मैलांनी मंदावतो. रडार बेसबॉलमध्ये आणण्याचे श्रेय मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटवायलर यांना दिले जाते. १९७४ मध्ये पोलिसांचे वेगमापक पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यानंतरच्या काळात चेंडू हाताजवळ मोजणाऱ्या आणि प्लेटजवळ मोजणाऱ्या अशा दोन प्रकारच्या गन वापरात होत्या आणि स्काउट त्यांना ‘फास्ट गन’ व ‘स्लो गन’ म्हणत. वडीलधाऱ्या प्रशिक्षकांनी सांगितलेले जुन्या खेळाडूंचे वेग आजच्या आकड्यांशी ताडून पाहणे त्यामुळे निरर्थक आहे. आजचा प्रघात हातातून सुटतानाचा वेग मोजण्याचा आहे आणि स्मार्ट कोचही फेकीचा कमाल वेगच दाखवते.

आता कोणता आकडा लिहून ठेवावा? येथे मुलांचा आणि स्काउटांचा मार्ग वेगळा होतो. मुलाला दिवसभरातील सर्वांत मोठा आकडा हवा असतो आणि मित्रांना तोच सांगितला जातो. स्काउट आपल्या टिपणात एक पट्टा लिहितो, म्हणजे फास्टबॉल ८३ ते ८५, एकदा ८७. आणि त्याच्या दृष्टीने महत्त्व पट्ट्याला असते. तोच पट्टा पाचव्या इनिंगमध्ये कोठे आला, धावपटू बेसवर असताना आखूड पवित्र्यातून फेकताना वेग टिकला का, चेंजअप (फलंदाजाला चकवण्यासाठी मुद्दाम मंद टाकलेला चेंडू) फास्टबॉलपेक्षा आठ-दहा मैलांनी खरोखर मंद पडतो का, हे सारे सामन्यात घेतलेल्या आकड्यांवरूनच कळते आणि स्मार्ट कोचचा खरा उपयोग मला येथेच दिसतो. सतत मोजणीच्या स्थितीत ते ठेवले की प्रत्येक फेकीला बटण दाबावे लागत नाही. इनिंगनुसार मांडलेल्या दोन पानांच्या वहीतून मुलाच्या प्रशिक्षकाला जे समजते, ते एका मोठ्या आकड्यातून समजत नाही.

बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग, म्हणजे एक्झिट व्हेलॉसिटी, हे यंत्र मोजते खरे, पण या कामात ते मला मध्यम वाटले. सरळ मधल्या दिशेने मारलेल्या चेंडूचा आकडा भरवशाचा असतो. बाजूला खेचून मारलेल्या चेंडूवर कोनाचा तोच हिशेब लागू होतो, त्यामुळे उत्तम बसलेला फटका कागदावर सामान्य दिसू शकतो. शिवाय टीवर (सरावाच्या उभ्या खुंटीवर) ठेवलेला चेंडू आणि समोरून आलेला चेंडू, लाकडी बॅट आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून लागू असलेल्या बीबीकोर मानकाची (बॅटवरून चेंडूच्या उसळीला मर्यादा घालणाऱ्या नियमाची) धातूची बॅट, यांचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत. चेंडूची फिरकी आणि वळण यांबद्दल यंत्र काहीच सांगत नाही. त्यासाठी रॅप्सोडो किंवा ट्रॅकमॅनसारख्या बऱ्याच महागड्या यंत्रणा लागतात, आणि त्या घरी घेण्याऐवजी एखाद्या प्रशिक्षण केंद्रात तासाचे पैसे देऊन वापराव्यात, असे मी म्हणेन.

मात्र यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा तांत्रिक नाही. स्काउट हायस्कूलच्या मैदानावर कशासाठी येतो हे पाहिले की ती स्पष्ट होते. पिचर नसलेल्या खेळाडूत तो पाच गुण पाहतो: चेंडू बॅटवर घेण्याचे कौशल्य, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येक गुणाला २० ते ८० या श्रेणीत अंक दिला जातो, ज्यात ५० म्हणजे मेजर लीगमधील (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधील) सरासरी खेळाडू. यांपैकी काही गोष्टी स्टॉपवॉचने मोजता येतात: ६० यार्डांची धाव, प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचा वेळ, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू पडल्यापासून तो दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा ‘पॉप टाइम’, जो मेजर लीगमध्ये दोन सेकंदांच्या आसपास असतो. पण प्रत्येक गुणासाठी स्काउट दोन अंक लिहितो, एक आजचा आणि एक पुढचा. सतरा वर्षांच्या मुलाचा आजचा अंक ३० किंवा ३५ असला तरी त्यात वावगे काही नाही. स्काउटचे कसब आणि त्याची नोकरी दुसऱ्या अंकावर अवलंबून असते. खांद्यांची रुंदी, पायांची ठेवण, फेकीतील सहजता, दोन चेंडू हुकल्यानंतर तिसऱ्या चेंडूला मुलगा काय करतो, हे पाहून तो पाच-सहा वर्षांनंतरचा खेळाडू आज कल्पितो. रडार फक्त पहिल्या अंकातील एका गुणाचा एक भाग देते.

ग्रेग मॅडक्स हे याचे माझ्या आवडीचे उदाहरण आहे. लास व्हेगासमधील व्हॅली हायस्कूलचा हा सडपातळ मुलगा १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) दुसऱ्या फेरीत निवडला गेला. त्याची ओळख वेगापेक्षा चेंडू हव्या त्या जागी टाकण्यासाठी आणि चेंडूच्या शेवटच्या क्षणीच्या वळणासाठी झाली, त्याने मेजर लीगमध्ये ३५५ सामने जिंकले आणि २०१४ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. न्यू जर्सीतील आपल्या लोकांना माइक ट्राउटचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. मिलव्हिल हायस्कूलमधील हा मुलगा २००९ मध्ये पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पुढे तीन वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ईशान्येकडील थंड राज्यांत हंगाम उशिरा सुरू होतो आणि सामने कमी होतात, त्यामुळे तेथील मुले स्काउटांना कमी वेळा दिसतात, ही अडचण खरी आहे. घरच्या रडारने घेतलेली प्रामाणिक नोंद आणि चित्रफीत तेथे उपयोगी पडते, हेही मी आवर्जून नोंदवतो.

ही उपयुक्तता कॉलेज प्रवेशाच्या संदर्भात विशेष आहे. एनसीएएच्या (अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या विभागातील बेसबॉल प्रशिक्षकांना मुलाच्या अकरावीआधीच्या १ ऑगस्टपूर्वी त्याच्याशी थेट संवाद साधता येत नाही. मुलगा मात्र त्यांना ईमेल पाठवू शकतो. त्या ईमेलमध्ये सामन्यातील सलग फेकींची, वेग उमटलेली आणि न कापलेली चित्रफीत असेल तर पाहणाऱ्याला जागा, कोन, फलंदाज आणि इनिंग सारे दिसते. निवडून काढलेल्या दहा उत्तम फेकींपेक्षा अशी एक अखंड इनिंग अधिक विश्वास निर्माण करते, असे मला एकाहून अधिक प्रशिक्षकांनी सांगितले आहे.

शोकेस नावाच्या मापन-मेळाव्यांवर अनेक कुटुंबे शेकडो डॉलर आणि एक आख्खा शनिवार-रविवार खर्च करतात. त्यांतील मोठ्या आणि नावाजलेल्या मेळाव्यांना खरोखर स्काउट आणि कॉलेजचे प्रशिक्षक येतात, आणि मुलगा त्या पातळीवर पोहोचला असेल तर तेथे जाणे योग्यच आहे. परंतु आम्ही गेलो त्यांपैकी एका लहान मेळाव्यात ६० यार्डांची धाव हातातील घड्याळाने मोजली गेली, पिचरांना तयारीसाठी पुरेसा वेळ मिळाला नाही आणि कागदावर केवळ कमाल वेग छापून आला. केवळ तेवढा एक आकडा मिळावा म्हणून जो पैसा जातो, तो स्मार्ट कोच एका हंगामात वाचवते. आधी घरी पट्टा समजून घ्यावा आणि मग कोणत्या पातळीच्या मेळाव्याला जायचे ते ठरवावे, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे परीक्षण लिहायला बसलो, ती सांगतो. रडार समोर दिसत असले की मुलगा जास्त जोर लावतो; प्रत्येक मुलगा लावतो. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा पाठपुरावा आणि प्रत्येक फेक पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय ही प्रमुख कारणे मानली गेली, आणि ही ओढ शालेय वयापासूनच सुरू होते याकडेही त्यात लक्ष वेधले गेले. कोपरातील अस्थिबंध एकदा तुटला की शस्त्रक्रिया आणि वर्षभराहून अधिक काळ मैदानाबाहेर राहणे आले. यूएसए बेसबॉल आणि मेजर लीगच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांनुसार १५ ते १६ वयाच्या मुलाने एका दिवसात ९५ आणि १७ ते १८ वयाच्या मुलाने १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि वर्षातील किमान चार महिने स्पर्धेतील पिचिंगपासून दूर राहावे. घरात रडार आणल्यावर हे चार महिने पाळणे अवघड होते, कारण सुट्टीच्या दिवशी अंगणात ‘एकदा बघू या’ म्हणण्याचा मोह आईवडिलांनाही होतो. आमच्या घरात यंत्र त्या काळात कपाटात बंद असते. हंगामातही मोजणी फक्त सामन्यात आणि ठरलेल्या सरावात होते, आणि फोन माझ्याकडे राहतो. आकडे मुलाला सामना संपल्यावरच दिसतात. यंत्र मोठ्या पडद्याला जोडून प्रत्येक फेकीचा आकडा सर्वांना दाखवण्याची सोय आहे, पण वाढत्या वयाच्या पिचरसाठी ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्यतः वेगावर माणूस निवडला तर काय मिळते, याचा एक मोठा प्रयोग भारतातच झाला आहे. २००८ मध्ये भारतभर घेतलेल्या वेगवान आणि अचूक फेकीच्या स्पर्धेतून रिंकू सिंग (त्याच नावाचा क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंची निवड झाली. त्यांना लॉस एंजेलिसला प्रशिक्षण मिळाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. हातात बेसबॉल येऊन वर्षही झाले नसताना येथवर पोहोचणे ही मोठी कर्तबगारी होती आणि मला तिचा अभिमान आहे. तरीही दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. रडारने जोर अचूक हेरला होता. बाकीचा खेळ लहानपणापासून हजारो फलंदाजांसमोर शिकावा लागतो.

खरेदीबद्दल दोन शब्द. याच कंपनीचे ‘बॉल कोच’ हे यंत्र स्मार्ट कोचपेक्षा सुमारे शंभर डॉलरने स्वस्त आहे आणि अचूकतेत तितकेच भरवशाचे आहे, पण ते फोनला जोडता येत नाही. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल आणि फक्त अधूनमधून वेग पाहायचा असेल तर तेच घ्यावे. त्या वयात ४०० डॉलर चांगल्या प्रशिक्षकाच्या काही तासांवर खर्च करणे अधिक फलदायी आहे. मुलगा दहावी-अकरावीत पोहोचला आहे, नियमित पिचिंग करतो आणि कॉलेजांना चित्रफिती पाठवायच्या आहेत, अशा घराने स्मार्ट कोच, एक भक्कम तिकाटणे आणि एक जाड वही एकत्रच घ्यावी. मुलगा पिचर नसून कॅचर किंवा इन्फिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) असेल तर आधी साधे स्टॉपवॉच घेऊन पॉप टाइम आणि पहिल्या बेसपर्यंतची धाव मोजायला शिकावे. त्याला पाहायला आलेला स्काउटही सामन्यात बहुतेक वेळ तेच करत असतो.