ट्रिंगच्या संग्रहालयातला मिक द मिलर

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून रेल्वेने पाऊण तासाच्या आत ट्रिंग येते. मात्र स्थानक गावापासून दीड-दोन मैल दूर असल्याने सोबत वयस्कर माणसे असतील तर पुढच्या वाहनाची सोय आधीच पाहून ठेवावी. प्राण्यांचे संग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड यांनी उभारलेले आणि १८९२ पासून लोकांसाठी खुले असलेले येथील संग्रहालय आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा भाग असून प्रवेश विनामूल्य आहे. कपडे चढवलेल्या पिसवांचे कौतुक इथे फार; आम्ही गेलो ते मिक द मिलर नावाच्या शर्यतीच्या कुत्र्यासाठी.

आयर्लंडमधील किलीह गावी १९२६ साली जन्मलेल्या, एका धर्मगुरूंनी वाढवलेल्या या ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लिश डर्बी ही ग्रेहाउंडांची मानाची शर्यत जिंकली आणि लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ५२५ यार्डांचे अंतर तीस सेकंदांच्या आत कापले. १९३१ च्या अंतिम शर्यतीतही तोच पहिला आला होता. परंतु दुसऱ्या एका कुत्र्याच्या आगळिकीमुळे ती रद्द ठरवून पुन्हा धावायला लावले, तेव्हा पाच वर्षांचा मिक मागे पडला. १९३४ मध्ये ‘वाइल्ड बॉय’ या चित्रपटाचा तो नायक झाला, म्हणजे भूमिकाही शर्यतीच्या कुत्र्याचीच.

पेंढा भरलेला मिक काचेआड शांत उभा आहे. खोल छाती, आत ओढलेले पोट आणि अंगावरचे पट्टे अगदी जवळून न्याहाळता येतात. जत तालुक्यात वाढलेले माझे सासरे वाकून पाहत म्हणाले, “सूनबाई, हा तर आपला कारवानच की!” मग त्यांनी काचेवरूनच बोटाने मांडीचा फुगवटा दाखवून कारवानाची, म्हणजे आपल्याकडच्या शिकारी कुत्र्याच्या जातीची, पारख कशी करतात, ते सांगितले. ज्याची सारी कीर्ती वेगाची, त्याला असे निश्चल पाहताना काहीतरी उणे वाटते खरे. म्हणून त्याची कथा वाचूनच जावे, नाहीतर तो इतर कुत्र्यांसारखाच एक वाटेल.

याच संग्रहातल्या फुलर्टनलाही चुकवू नये. हा ग्रेहाउंड जिवंत सशांमागे धावून वॉटर्लू कप ही स्पर्धा जिंकत असे, तर मिकच्या पुढे रुळावरून पळणारा यांत्रिक ससा असे. एवढे ऐकल्यावर सासरे पुन्हा मिकपाशी गेले आणि म्हणाले, “म्हणजे याला ससा कधी मिळालाच नाही.”