दाबून की दमानं?

भाच्यानं गाडी घेतल्यापासून त्याचा एकच प्रश्न, "मामा, माही गाडी तुमच्याइतकं ॲव्हरेज काऊन देत नाही?" मॉडेल एकच, पंपही एकच. फरक पायाचा आहे.

आधी गावाकडचा रस्ता घेऊ, कारण पेट्रोल तिथंच फुकट जातं. कापसाच्या दिवसांत कारंजा-दारव्हा रस्त्यावर पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली ठरलेलीच. दाबून चालवणारा तिच्या बुडाशी भर्रकन येतो, ब्रेक मारतो, गिअर पाडतो, ओव्हरटेक करतो आणि पुढच्या पुलावरच्या खड्ड्याशी पुन्हा ब्रेक. ज्या पेट्रोलवर वेग घेतला, ते ब्रेक तापवण्यात गेलं. दमानं चालवणारा ट्रॉली दुरून दिसली की पाय उचलतो, रस्ता मोकळा दिसला की सावकाश काढतो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दोघं दोन-चार मिनिटांच्या अंतरानं पोचतात. म्हणजे इथं दाबून हातात काहीच येत नाही.

आमची आई पायाशी ताकाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन बसली की माझ्याइतकी चांगली गाडी जिल्ह्यात कोणी चालवत नसेल. ताक हिंदकळलं की बोलणी बसतात.

समृद्धीवर गोष्ट वेगळी. कारला 120 ची मुभा आहे, आणि दाबलं तर वेळ खरंच वाचतो. 100 किलोमीटरला 90 नं 67 मिनिटं लागतात, 120 नं 50. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 90 चे 120 केले की तो पावणेदोन पट होतो. समजा 90 वर 18 देणारी गाडी 120 वर 14 देऊ लागली, तर त्या 17 मिनिटांसाठी दीड लिटरहून जास्त पेट्रोल गेलं. आपल्या गाडीचे आकडे घालून पाहा. नागपूरला दवाखान्यात पेशंट न्यायचा असेल तर हा हिशेब करूच नये. लग्नाला जायचं असेल तर 90 पुरे. तसंही लग्न वेळेवर कुठं लागतं!

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे पुष्कळ. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडंफार वाचत असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर. इथं निवडायला काही नाहीच, गिअरमध्येच उतरा.

एसीचं म्हणाल तर मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात काचा खाली करा असं सांगायची माझी हिंमत नाही. हायवेवर उघड्या काचांनीही हवा गाडीला मागं ओढतेच. उन्हात उभी गाडी दोन मिनिटं दारं उघडून निववा, मग एसी लावा.

भाच्याला तूर्त एवढंच सांगितलंय: पुढच्या खेपेला आजीला आणायला तूच जा, आणि गंज पुढच्या सीटपाशी ठेव.