लाउडनेस मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कथावाचनाची ध्वनिमुद्रणे मी वेगवेगळ्या दिवशी करतो. एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना ऐकणाऱ्याला आवाज कमी-जास्त करावा लागू नये, एवढ्याच अपेक्षेने, आवाज कानाला किती मोठा वाटतो हे मोजणारे आणि संगणकावर चालणारे हे मीटर मी आठ महिन्यांपूर्वी घेतले. त्याआधी माझी सारी भिस्त पीक मीटरवर, म्हणजे आवाजाचे क्षणिक उंचवटे दाखवणाऱ्या मीटरवर होती. 'प' उच्चारताना हवेचा झोत माइकवर आदळला की त्याचा काटा थेट लाल पट्ट्यात जाई, कानाला मात्र ते फारसे जाणवतही नसे. एखादा आवाज किती मोठा वाटतो हे ठरवताना कान साधारण एक-पंचमांश सेकंदातील ऊर्जा एकत्र जमेस धरतो, त्यामुळे क्षणिक उंचवट्यावरून मोठेपणाचा अंदाज बांधणे हीच मुळात चूक होती.

हे मीटर आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या २००६ सालच्या शिफारशीनुसार चालते. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे सर्व स्वर कानाला सारखे ऐकू येत नाहीत. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. मीटर हा फरक ढोबळपणे लक्षात घेऊन खर्जाला कमी आणि तारस्वरांना थोडे जास्त वजन देते, आणि संपूर्ण मुद्रणासाठी एलयूएफएस या जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककात एकच आकडा देते; शून्य ही डिजिटल कमाल पातळी, म्हणून आकडे उणे येतात.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो गेटचा, म्हणजे शांत तुकडे मोजणीतून वगळणाऱ्या सोयीचा. वाचनात विराम भरपूर असतात, आणि निम्मा वेळ शांतता असली तर साध्या सरासरीत आकडा सुमारे ३ डेसिबलने घसरतो. म्हणजे संथ वाचलेले प्रकरण 'हळू' ठरते आणि आपण ते विनाकारण चढवतो. शिफारशीतील २०११ च्या सुधारणेनंतर उणे ७० एलयूएफएसखालचे तुकडे सरासरीतून वगळले जातात. उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा १० एककांहून अधिक खाली असलेले तुकडेही मोजले जात नाहीत. या सोयीमुळे माझी संथ आणि जलद प्रकरणे प्रथमच एका पातळीवर आली.

त्रास झाला तो बहुतांशी माझ्याच उतावीळपणामुळे. पहिले दोन महिने मी ४०० मिलिसेकंदांच्या क्षणिक काट्याकडे पाहत प्रत्येक वाक्य उणे २३ एलयूएफएसजवळ आणत राहिलो, आणि वाचन इस्त्री फिरवल्यासारखे सपाट झाले. उणे २३ हे लक्ष्य युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये संपूर्ण कार्यक्रमासाठी सुचवले, प्रत्येक वाक्यासाठी नव्हे, हे उशिरा ध्यानात आले. मोजणी नव्याने सुरू करणारे रीसेटचे बटण फारच लहान आहे, ही मात्र निर्मात्यांची चूक. आधीच्या प्रकरणाची बेरीज पुढच्यात मिसळल्यामुळे माझी एक संपूर्ण संध्याकाळ वाया गेली.

काही गोष्टी या मीटरला कळतच नाहीत. कुजबुज आणि ओरडणे यांचे आकडे सारखे आणले, तरी ओरडणे मोठेच वाटते, कारण बोलणाऱ्याने किती जोर लावला हे कान त्याच्या स्वराच्या जातीवरूनच ओळखतो. म्हणून कुजबुजीची वाक्ये मी काटा न पाहता, कानावर विसंबून तीन-चार एकके खाली ठेवतो. शिवाय मीटरमधील वजनाची वक्ररेषा कायम तीच राहते, कानाची मात्र ऐकण्याच्या पातळीनुसार बदलते. आवाज हळू ठेवला की खर्ज सर्वांत आधी विरतो. आयएसओ ५३२ या आंतरराष्ट्रीय मानकातील संशोधक झ्विकर यांच्या पद्धतीसारखी गणिती प्रतिमाने हा बदल आणि एका स्वराने दुसरा झाकला जाणे, दोन्ही विचारात घेऊन सोन या जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककात उत्तर देतात. या मीटरमध्ये तो पर्याय नाही. त्यामुळे आकडा जुळल्यानंतरही प्रत्येक प्रकरण मी एकदा लहान स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐकतो, आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरणारे शब्द तिथे पुसट वाटले तर तेवढेच हाताने उचलून घेतो.